जेवत नाही, रात्री बाटली सोडत नाही, दातांवर पांढरे पट्टे: तिन्हींचं उत्तर एकत्रच देते

मुलगा दीड वर्षाचा, जेवायला बसवलं की दोन घासांत तोंड फिरवतो, रात्री दोन-तीनदा उठून बाटलीभर दूध प्यायल्याशिवाय परत झोपत नाही, वरच्या पुढच्या दातांवर हिरडीच्या कडेला पांढरट पट्टे दिसायला लागलेत, ब्रश तोंडाजवळ नेला की आरडाओरडा, मधेच ताप येऊन गेला, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीला घरातलं कोणी ना कोणी म्हणतंय की दात येतायत म्हणून. असा तुमचा एकूण प्रश्न. मी लहान मुलांची डेंटिस्ट आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय, आणि या वयाच्या मुलांचे आईबाबा हे प्रश्न सुटेसुटे घेऊन फिरतात, जेवत नाही म्हणून टॉनिक मागायला एकीकडे, झोपत नाही म्हणून दुसरीकडे, आणि दातांसाठी माझ्याकडे, तेही बऱ्याचदा दाताचा तुकडा पडल्यावर. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी ताप सोडला तर हे सगळं त्या एका रात्रीच्या बाटलीतून आल्यासारखं दिसतंय. त्यामुळे टॉनिक वगैरे आत्ता बाजूला ठेवा, सुरुवात बाटलीपासून करू.

आधी एक काम करा, २४ तासांत त्याच्या पोटात दूध किती जातं ते मिलीमध्ये लिहून काढा. अंदाजाने नको, बाटलीवरचे आकडे बघून. रात्री ३ वेळा २०० मिली म्हणजे ६०० झालं, सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारी झोपताना एकदा धरलं की लिटरभर सहज होतं. गाईच्या लिटरभर दुधात ६००-६५० कॅलरी असतात आणि या वयाच्या मुलाची दिवसाची गरजच साधारण ९०० ते १००० कॅलरींची, मग तो जेवणार कुठून आणि कशाला? त्याचं पोट भरलेलं आहे हो. तो जेवत नाही असं नाही, तो रात्री जेवतोय, फक्त बाटलीतून.

वर्षाच्या पुढे दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरतं, बाकीचं खाण्यातून यायला हवं. याचं मुख्य कारण लोह. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, जे दुसऱ्या खाण्यातून येतं त्याच्याही शोषणात दुधातलं कॅल्शियम आडवं येतं, वर पोट भरल्यामुळे लोह असलेलं अन्न खाल्लंच जात नाही. म्हणून भरपूर दूध पिणारी गुबगुबीत मुलं सुद्धा ॲनिमिक निघतात आणि घरच्यांचा विश्वास बसत नाही. आणि गंमत बघा (गंमत कसली), लोह कमी झालं की भूक आणखी मंदावते, मूल चिडचिडं होतं, झोप बिघडते, मग रात्री उठलं की पुन्हा बाटली. त्यामुळे दूध रोज ७०० मिलीच्या वर जात असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून एकदा हिमोग्लोबिन बघून घ्या. लोहाचं औषध सुरू केलं आणि दातांवर काळपट थर आला तर घाबरू नका, तो वरवरचा डाग असतो, कीड नव्हे, क्लिनिंगमध्ये निघतो.

आता तो पूर्वीसारखा खात नाही याबद्दल. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, आणि पहिल्या वाढदिवसापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेगच उतरला तर भूकही उतरणारच, शिवाय याच वयात पाय फुटलेले असतात, टेबलाखाली काय आहे ते बघण्यापुढे जेवण म्हणजे वेळेचा अपव्यय. यातली अर्धी काळजी तुम्ही वाढीचा तक्ता बघून सोडून देऊ शकता. वजन-उंची आपल्या रेषेला धरून चाललीय का एवढंच बघायचं, शेजारच्या मुलाच्या गालांशी तुलना नको. वजन घटत असेल किंवा आपली रेषा सोडून खाली येत असेल, खाताना-पिताना वारंवार ठसका लागत असेल, घट्ट पदार्थ अजिबात गिळता येत नसेल तर मात्र वाट न बघता डॉक्टर.

आता माझा प्रांत, दात. तुम्ही सांगितलेले पांढरे पट्टे बरोबर त्याच जागी आहेत जिथे बाटलीची कीड सुरू होते. दूध तोंडात घेऊन मूल झोपलं की निपल जीभ आणि टाळूच्या मध्ये असतं, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं, खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले राहतात आणि तिथे लाळेच्या ग्रंथीही जवळ असतात म्हणून ते बरेचदा वाचतात. वर खराब आणि खाली स्वच्छ असं दिसलं की आम्हाला फारसं विचारावंच लागत नाही. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, दुधातली लॅक्टोज ही पण साखरच, पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. दिवसा लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि गेलेली खनिजं थोडीफार परत भरते, पण झोपेत लाळ अगदी कमी होते म्हणून रात्रीचं दूध दिवसाच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त महागात पडतं. त्यात साखर घातली असेल, किंवा निपल मधात बुडवून देत असाल (वर्षाच्या आत तर मध अजिबातच नाही, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो), तर विषयच संपला.

दिलासा इतकाच की पांढरा खडूसारखा पट्टा ही पहिली पायरी आहे आणि इथून परत फिरता येतं. रात्रीचं दूध थांबलं, फ्लोराईड लागायला लागलं की हा भाग पुन्हा कडक होऊ शकतो. पट्टा पिवळा-तपकिरी झाला, खड्डा पडला की मग फिलिंग वगैरे. म्हणून महिन्यातून एकदा त्याला उजेडात आडवं करून वरचा ओठ वर उचलून बघायचं, नुसतं हसताना दिसणाऱ्या दातांवर जाऊ नका, सुरुवात हिरडीलगत होते आणि ओठाखाली लपलेली असते. दुधाचे दात पडणारच आहेत मग काय एवढं, असं कोणी म्हटलं तर सांगा की पुढचे ६-७ वर्षांचा झाल्यावर पडतात पण मागच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात राहणार आहेत. दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, कीड आतल्या नसेपर्यंत (दाताच्या शिरेपर्यंत) लवकर पोचते, दीड-दोन वर्षाच्या मुलाला दात दुखतोय हे सांगता येत नाही, तो फक्त जेवायचं बंद करतो. म्हणजे परत तेच चक्र.

अंगावर पाजणाऱ्या आयांना या सगळ्यात उगीच अपराधी वाटायला लागतं म्हणून स्पष्ट सांगते, जागतिक आरोग्य संघटना २ वर्षं आणि पुढेही स्तनपान चालू ठेवा म्हणते आणि मीही तेच म्हणते. वर्षानंतर रात्रभर तोंडात धरूनच झोपायची सवय असेल आणि दात घासलेच जात नसतील, दिवसा गोड खाणं चालू असेल, तर तिथेही कीड लागते. त्यावर उपाय रात्री झोपण्याआधी दात घासणं आणि पाजून झालं की तोंडातून काढून घेणं, एकदम दूध तोडणं नव्हे.

बाटली कशी सोडवायची. दोन रस्ते आहेत. एक हळूहळू, दर दोन-तीन रात्रींनी प्रत्येक बाटलीतलं दूध ३० मिलीने कमी करायचं, किंवा तेवढंच पाणी मिसळत जायचं, दोन-अडीच आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी उरतं आणि नुसत्या पाण्यासाठी उठण्यात मुलाला फार रस नसतो. (पावडरचं दूध देत असाल तर ते पातळ करू नका, फक्त प्रमाण कमी करा.) दुसरा रस्ता म्हणजे एका शुक्रवारी बाटल्या घरातून नाहीशा करायच्या आणि तीन-चार रात्री रडणं झेलायचं. मला स्वतःला पहिला आवडतो, पण काही मुलांना कमी कमी करत जाणं म्हणजे रोज नवं भांडण वाटतं, तिथे दुसराच बरा. घरातल्या मोठ्या माणसांचं मात्र आधी एकमत करा, कारण आई पाणी देतेय आणि पहाटे तीनला बाबा किंवा आजी गुपचूप दूध देतायत असं झालं तर मूल फक्त एवढंच शिकतं की जास्त वेळ रडलं की मिळतं.

यात खरी गोष्ट दुधाची नसून झोपेची आहे. त्याला बाटलीशिवाय झोप लागतच नाही, त्यामुळे रात्री नैसर्गिकपणे जाग आली की तीच गोष्ट पुन्हा लागते. म्हणून क्रम बदला: दूध कपातून, बसून, दिवा चालू असताना, मग दात घासणं, मग गोष्ट किंवा गाणं, मग झोप. दूध आणि झोप यांच्यात ब्रश आला की अर्धं काम झालं. ब्रशनंतर फक्त पाणी. कप साधा उघडाच वापरा, सांडेल, सांडू दे. ज्यातून काहीच सांडत नाही असे सिपर दिवसभर हातात ठेवायची सवय लागली की ती बाटलीचीच बहीण, विशेषतः त्यात ज्यूस असेल तर. ज्यूस वर्षाच्या आत नकोच, नंतर दिला तरी दिवसाला १२० मिलीच्या वर नाही, आणि मी तर म्हणेन फळच द्या. साधारण १२ ते १८ महिन्यांत बाटली सुटावी अशी अपेक्षा असते, म्हणजे तुम्हाला फार उशीर झालेला नाही.

ब्रशच्या आरडाओरड्याबद्दल. आरशासमोर उभं करून समोरून ब्रश नेऊ नका, त्या वयात ते हल्ला वाटतं आणि तुम्हाला दिसतही काही नाही. दोन मोठ्यांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, मुलाचं तोंड आईकडे, पाय आईच्या कमरेशी, आणि त्याला हळूच मागे झोपवून डोकं दुसऱ्याच्या मांडीवर घ्यायचं. आई हात धरते, गप्पा मारते, दुसरा माणूस वरून तोंडात बघून घासतो. एकटे असाल तर जमिनीवर बसून त्याचं डोकं आपल्या मांड्यांच्या मध्ये. रडत असेल तर तोंड उघडंच असतं, त्याचा फायदा घ्या, कठोर वाटेल पण अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम आहे आणि रोज त्याच वेळी झालं की एक-दोन आठवड्यांत विरोध मावळतो. वरचा ओठ बोटाने उचलून हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे छोटे छोटे गोल फिरवा, कीड तिथेच बसते. ओठाच्या आत मधोमध एक पातळ पडदा असतो त्याला ब्रश लागला की फार दुखतं, तिथे बोटाने आड धरा, पुष्कळ मुलं ब्रशला नाही तर या दुखण्याला घाबरलेली असतात. दाढा एकमेकींना चिकटून यायला लागल्या की त्यांच्यामध्ये फ्लॉस, पण ते पुढे.

पेस्ट फ्लोराईडची, किमान १००० पीपीएम (फ्लोराईडचं प्रमाण, ट्यूबवर लिहिलेलं असतं), ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ मध्ये वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती विसरा. थुंकता येत नाही म्हणून काळजी नको, दाण्याएवढी गिळली गेली तरी चालते, म्हणून तर प्रमाण एवढं कमी ठेवलंय. उरलेला फेस पुसून घ्या, चुळा भरायला लावू नका, थोडं फ्लोराईड दातांवर राहिलेलं बरं. पेस्टची ट्यूब मात्र त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नका. तुमच्या भागातल्या पाण्यात मुळातच फ्लोराईड जास्त असेल तर डेंटिस्टला सांगून प्रमाण ठरवा. दिवसातून दोनदा, त्यातली रात्रीची वेळ कधीच चुकवायची नाही, सकाळची एखादी चुकली तर मी काही म्हणणार नाही. आणि ७-८ वर्षांचा होईपर्यंत मोठ्या माणसाचा हात लागणारच आहे, त्याआधी मुलांच्या मनगटाला ते वळण नसतं.

जेवणाकडे परत येते. दूध कमी झाल्यावर पहिले तीन-चार दिवस तो दुप्पट खायला लागेल अशी अपेक्षा ठेवू नका, भूक परतायला आठवडा तरी द्या. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी मांडलेली कामाची वाटणी मला फार पटते: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. ऐकायला सोपं, करायला महाकठीण, कारण तो उठून गेल्यावर मागे वाटी घेऊन पळायचं नाही हे हाताला पटत नाही. दिवसात तीन जेवणं, दोन मधली खाणी, मधल्या अडीच-तीन तासांत पाण्याशिवाय काही नाही. खाल्लं नाही म्हणून अर्ध्या तासाने बिस्कीट दिलं की त्याने आपला मेनू ठरवलाच म्हणून समजा. दातांनाही हेच हवं असतं, किती खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं याने कीड जास्त ठरते, सतत चरत राहिलं तर लाळेला दुरुस्तीला सवडच मिळत नाही. मधल्या खाण्याला अंडं, दही, फळ असं काही. गोड बिस्कीट आणि मऊ चिकट गोड पदार्थ दातांच्या खाचांत तासन् तास बसून राहतात. २ वर्षांच्या आत वरून साखर घालूच नये.

ताटात वाढताना वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा या हिशोबाने, म्हणजे दीड वर्षाच्या मुलाला प्रत्येक पदार्थाचे एक-दोन चमचे. हवं तर परत मागेल. मोठ्यांच्या नजरेला हे अगदीच थोडं दिसतं आणि बरीचशी भांडणं त्या नजरेतूनच होतात. नवा पदार्थ आवडायला १०-१५ वेळा समोर यावा लागतो, दुसऱ्या वेळेला थुंकला म्हणून यादीतून काढू नका. वीस-पंचवीस मिनिटांत संपवा, ताट उचला, चेहरा साधा ठेवा. मोबाईल दाखवून भरवणं मी सरळ बंद करायला सांगते, स्क्रीनमुळे डोळे बिघडतील म्हणून नाही, तर पोट भरलं हे त्याचं त्याला कळेनासं होतं, आणि घास गालात धरून बसायची सवय लागते, तो गालातला लगदा मग दातांवर बसतो. दीड वर्षाच्या मुलाला हाताने खाऊ द्या, पसारा होईल तो नंतर पुसता येतो.

घशात अडकण्याबद्दल मात्र कडक राहा: अख्खे दाणे आणि सुकामेवा, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे या वयात नाहीत. द्राक्ष उभं चार भागांत कापून, गाजर शिजवून. कायम बसून खायचं, पळताना किंवा आडवं पडून नाही, आणि शेजारी मोठं माणूस हवंच. मूल खोकत असेल, आवाज येत असेल तर त्याला खोकू द्या, तोंडात बोट घालून शोधू नका. आवाजच बंद झाला, श्वास घेता येत नाहीये असं दिसलं तर ताबडतोब पालथं करून पाठीत थपडा, मदतीला हाक, त्यासाठी एखादं प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक खरंच करून ठेवा.

दात येतायत म्हणून ताप? नाही. दीड वर्षाला सुळे यायची वेळ असते हे खरं, एकूण २० दुधाचे दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येऊन होतात, म्हणजे सहाव्या महिन्यापासून कधीही काहीही झालं तरी कुठला ना कुठला दात येतच असतो, म्हणून दोष द्यायला तो कायम हजर. दात येताना लाळ, चावत राहणं, थोडी चिडचिड, अंग किंचित कोमट एवढं होतं. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस आणि वर ताप, जुलाब, उलट्या याचं कारण दुसरं शोधायचं, दातांवर ढकलून कानाचं किंवा लघवीचं इन्फेक्शन मागे राहतं. हिरडीला थंड ओला फडका किंवा फ्रिजमधलं (फ्रीझरमधलं नव्हे) रबरी खेळणं चावायला द्या, स्वच्छ बोटाने चोळा. बधिर करणारी जेल नको, बेन्झोकेनवाली तर नकोच, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये २ वर्षांखालच्या मुलांसाठी स्पष्ट इशारा दिलाय, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची क्षमता कमी होऊ शकते. दात येताना बाळाच्या गळ्यात घालतात त्या मण्यांच्या माळांबद्दलही त्याच वर्षी इशारा आलाय, गळा आवळला जाणं आणि मणी घशात जाणं दोन्हीचा धोका.

डेंटिस्टकडे पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा जायचं असतं, तुमचं राहिलं असेल तर या पंधरवड्यात जा, पट्टे पांढरे आहेत तोवर. बहुधा फ्लोराईड व्हार्निश लावतील, ब्रशने रंग लावावा तसं काही मिनिटांचं काम, सुई नाही, ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा. खड्डे पडले असतील तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड या लावायच्या औषधाचा पर्याय सांगतील, कीड थांबवतं पण ती जागा काळी कुळकुळीत होते, हे आधी विचारून घ्या नाहीतर घरी येऊन धक्का बसतो. हिरडीवर फोडासारखी सूज, गाल सुजलेला असं काही असेल तर पंधरवडा नाही, आजच. जाल तेव्हा आईबाबांनी आपलेही दात दाखवून घ्या, कीड करणारे जंतू बाळाच्या तोंडात मुख्यतः घरच्यांच्याच लाळेतून जातात, चमचा चाखून तोच भरवण्यातून, निपल आपल्या तोंडात साफ करण्यातून. आणि चालायला लागलेलं पोर पडतंच, दुधाचा दात अख्खा निघून हातात आला तर तो परत बसवायचा नसतो, खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते, फक्त दाखवून आणायचं.

अंगठा चोखण्याचंही तुम्ही ओझरतं विचारलंय, त्याला दीड वर्षाला हात लावू नका, बहुतेक मुलं २ ते ४ मध्ये आपणच सोडतात. आत्ता बाटली काढताय, त्याला धरायला काहीतरी लागेल.

राहिली ती तुम्ही विचारलेली स्ट्रॉबेरीच्या चवीची, गिळली तरी चालते असं लिहिलेली बेबी पेस्ट. मागे बारीक अक्षरात बघा, फ्लोराईड नसेल तर ती त्याच्या बाहुलीचे दात घासायला द्या, तो बाहुलीचे घासेल तोवर तुम्ही त्याचे घासा.